वंध्यापुत्राचे धनुष्य आणि न शिजणारे मूग



महाभारताच्या लेखनाची कथा आपणा सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. व्यासमहर्षींनी सांगावे आणि श्रीगणेशाने लिहावे असे ठरले, तेव्हा गणेशाने अट घातली की लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्यावाचून अक्षर उमटवू नये. पुढे जेथे जेथे श्लोक जुळविण्यास अवकाश हवासा वाटे, तेथे तेथे व्यास शब्दांची एक गाठ मारून ठेवीत. गणेश ती सोडवीत बसे आणि तेवढ्यात व्यास पुढील श्लोक सिद्ध करीत. अशा कूटश्लोकांची संख्या आठ हजार आठशे आहे, ते आपल्याला कळतात, शुकाला कळतात, संजयाला कळतात की नाही हे सांगवत नाही, असे व्यासांच्याच तोंडी घातलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, तिने गणेशाचा हा प्रसंग मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात ठेवला. तो मागाहून आला हे मान्य केले, तरी ज्याने तो आणला त्याची रसिकता थोर होती. बुद्धीच्या देवतेला शब्दांच्या खेळात घटकाभर अडकवून ठेवता येते, आणि त्यामुळे देवतेची प्रतिष्ठा तिळमात्र उणावत नाही, असा विश्वास त्याच्या ठायी होता.

तो विश्वास पुढे क्षीण झाला. शास्त्र म्हटले की भुवया आकुंचित झाल्याच पाहिजेत, आणि हसू आलेच तर ते उपरण्याच्या पदराआड लपविले पाहिजे, असा समज रूढ होऊन बसला. संस्कृत पाठशाळेच्या पडवीत मात्र निराळाच प्रकार दिसतो. तेथे दहा-बारा वर्षांची मुले प्रथम ज्या वाक्यांवर मनसोक्त हसतात, ती वाक्ये कोणा विदूषकाची नसतात. ती भाष्यकारांची असतात.

पतंजलींचे महाभाष्य घ्यावे. सार्थ कशाला म्हणावे याची चर्चा चालली असता भाष्यकार निरर्थकाचा एक नमुना विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. त्यात दहा डाळिंबे आहेत, सहा अपूप आहेत, एक कुंड आहे, शेळीचे कातडे आहे, कोणा कुमारीचे नेसूचे वस्त्र आहे, आणि अखेरीस स्फैयकृत नावाच्या कोणा गृहस्थाचा बाप थंडीने गारठलेला आहे. सुटा सुटा प्रत्येक शब्द निर्दोष. सगळे एकत्र केले की हाती काहीच लागत नाही. एवढेच दाखवावयाचे होते तर घट, पट, वृक्ष असे तीन शब्द ओळीने मांडूनही काम भागले असते. परंतु डाळिंबे दहाच का, अपूप सहाच का, आणि स्फैयकृताचा बाप येथे आलाच कसा, या प्रश्नांना काहीही उत्तर नाही, आणि उत्तर नसणे हेच त्या उदाहरणाचे बळ आहे. निरर्थकाचे इतके काटेकोर मोजमाप करणारा आचार्य ते लिहिताना स्वतः हसत नव्हता असे मानणे कठीण. दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ तो वृद्ध तेथे कुडकुडत बसला आहे, आणि एकाही टीकाकाराला त्याच्या अंगावर कांबळे घालावेसे वाटलेले नाही.

यानंतर तर्कसंग्रह येतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा हा लहानसा ग्रंथ न्यायशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती प्रारंभी पडतो. वाक्यापासून अर्थबोध होण्यास तीन गोष्टी लागतात, असे तो सांगतो : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा असावी ही आकांक्षा. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे नुसते म्हणत सुटले तर एकालाही दुसऱ्याची गरज नसते, म्हणून वाक्य होत नाही. शब्द लागोपाठ उच्चारले जावेत हा संनिधी. सकाळी 'गाय' म्हणावे आणि एक प्रहर उलटल्यावर 'आण' म्हणावे, तर शिष्य बिचारा गोठ्यात जाईल की नाही हे सांगता येत नाही. आणि शब्दांच्या अर्थांचा परस्परांशी बाध नसावा ही योग्यता. येथे अन्नंभट्टाने दिलेले उदाहरण विस्तवाने शिंपण्याचे आहे. शिंपावयाचे ते पाण्याने. विस्तवाने शिंपणारा माळी कोणी पाहिलेला नाही.

या तिसऱ्या उदाहरणाकडे जरा निरखून पाहावे. विस्तव या शब्दाला तृतीया विभक्ती आहे, ती जागच्या जागी आहे. क्रियापद आहे, ते आपल्या करणाची वाट पाहत आहे. आकांक्षा पुरती आहे, संनिधी पुरता आहे. एक योग्यता तेवढी काढून घेतलेली आहे. वेड्याच्या बडबडीत तिन्ही गोष्टी मोडलेल्या असतात, म्हणून तिचे हसू येत नाही, कीव येते. असंबद्ध विनोद करणारा मनुष्य तिहींपैकी दोन नियम कडकडीत सोवळ्याने पाळतो आणि तिसरा मोडतो. ऐकणाऱ्याचे मन विभक्तीच्या आणि क्रियापदाच्या भरवशावर निर्धास्त चालत येते आणि शेवटच्या पायरीवर पाय टाकते, तो तेथे पायरीच नसते. विनोदाच्या मीमांसेवर पुढे मोठमोठे ग्रंथ झाले. परंतु तर्कसंग्रहाच्या या दोन-चार ओळींत जे सापडते ते त्यांतील कित्येकांत नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आता शब्दांचे खेळ दोन प्रकारचे असतात. काही अक्षरांशी खेळतात, काही अर्थाशी. अक्षरांच्या खेळाची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्या गोदातीरीची, प्रतिष्ठाननगरीची म्हणजे पैठणची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात ती सांगितली. राजा सातवाहन वसंतऋतूत राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी म्हणाली की महाराज, पाण्याने मारू नका. तिने 'मा' आणि 'उदकैः' या दोन शब्दांचा संधी केला. आ आणि उ मिळून ओ झाला, आणि राजाच्या कानी 'मोदकैः' पडले. राजाने तत्काळ मोदक मागविले. पाण्यात उभ्या असलेल्या राणीसमोर मोदकांची रास आली, तेव्हा ती हसली, दासी हसल्या, आणि गुणसंधीचा साधा नियम ठाऊक नसलेला तो सम्राट लाजेने अंथरुणाला खिळला.

कथा येथे संपली असती तर ती केवळ एक कोटी ठरली असती. परंतु पुढे गोष्ट जिवावरची झाली. व्याकरण शिकण्यास बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवितो, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवीन. न जमल्यास बारा वर्षे तुझ्या पादुका मस्तकावर वाहीन. गुणाढ्याने प्रतिज्ञा केली की हे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करीन. कार्तिकेयाच्या कृपेने शर्ववर्म्याला कातंत्र व्याकरण लाभले आणि राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्य मुका होऊन विंध्यारण्यात गेला, तेथे पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई नव्हती म्हणून आपल्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून त्याने सहा लक्ष श्लोक अग्नीत टाकले; उरले एक लक्ष, आणि आज तेही मूळ रूपात उपलब्ध नाहीत. एका संधीच्या घोटाळ्यातून एक व्याकरण जन्मले आणि एक महाग्रंथ जळाला. मोदक कोणी खाल्ले याचा उल्लेख मात्र कथेत नाही.

अक्षरक्रीडेचे दुसरे एकच उदाहरण पुरे. दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली सर्व हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण त्याच्या ओठाला इजा झालेली असते आणि ओठाला ओठ लावणे त्याला सोसवत नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९-१७९४) जी अनेक रामायणे रचिली त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. त्यातील गंमत अशी की प, फ, ब, भ, म वर्ज्य झाले म्हणजे 'राम' हे नावच वर्ज्य होते. लक्ष्मण गेला, भरत गेला. उकारही ओष्ठ्य, म्हणून रघूचे नाव गेले आणि मारुती तर दोन्ही अंगांनी गेला. दाशरथी, जानकीनाथ, सीताकांत, अंजनीतनय अशा वळणांनीच अशा कवीला वाट काढावी लागते. रामायण सांगावयाचे आणि रामाचे नाव घ्यावयाचे नाही, हा नेम एखाद्याला अपराधासारखा वाटेल. परंतु ज्या कवीचे ओठ रामनामावाचून क्षणभर राहत नसत त्यानेच तो घेतला आहे, आणि ओळीओळीला त्याला त्या नावाची आठवण ठेवूनच ते टाळावे लागले असणार.

असो. अक्षरांचा खेळ कितीही रम्य असला तरी उकल झाली की तो मिटतो. अर्थाचा खेळ मिटत नाही. वेदान्ताच्या अभ्यासकाला त्याची गाठ वंध्यापुत्राच्या रूपाने पडते.

वंध्यापुत्र म्हणजे वांझेचा मुलगा. शास्त्रकारांच्या घरी ज्या वस्तू कधीच नव्हत्या, नाहीत आणि असणार नाहीत, त्यांचे एक स्वतंत्र कोठार आहे. सशाचे शिंग, कासवाचे केस, आकाशातील फूल ही त्या कोठारातील नित्याची भांडी. मृगजळही शेजारीच ठेवलेले असते. ते निदान डोळ्यांना दिसते तरी. एका प्रसिद्ध श्लोकात कवीने यांतील चार वस्तू एकत्र आणून वंध्यापुत्राला नटविले आहे : तो मृगजळात स्नान करून येतो, शिरावर आकाशपुष्पांचा तुरा धारण करतो आणि हाती सशाच्या शिंगाचे धनुष्य घेऊन चालू लागतो. पोशाखात काही उणे नाही. स्नान झाले आहे, शिरोभूषण आहे, शस्त्र आहे. एक तो स्वतः तेवढा नाही. व्याकरणाच्या अंगानेही श्लोक निर्दोष आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, विशेषणे कर्त्याच्या लिंगवचनांना धरून आहेत.

हा श्लोक शंकराचार्यांनी कोठे घेतला आहे हे पाहण्याजोगे आहे. तैत्तिरीय उपनिषदातील ब्रह्मवल्लीच्या भाष्यात, जेथे ब्रह्म हे सत्य, ज्ञान आणि अनंत आहे असे सांगणाऱ्या वाक्याचा विचार चालला आहे, नेमका तेथे! प्रतिपक्षी विचारतो : सत्य म्हणजे असत्य नव्हे, ज्ञान म्हणजे जड नव्हे, अनंत म्हणजे मर्यादित नव्हे, असे तुम्ही प्रत्येक शब्दाने नकारच करीत असाल, आणि ब्रह्म तर कमळासारखे कोठे पाहिलेले नाही, तर मग तुमचे हे महनीय वाक्य आणि तो वंध्यापुत्र धनुष्य घेऊन चालल्याचे वाक्य यांत भेद कोणता? दोन्हींकडे विशेषणे भरपूर आणि विशेष्य रिकामे.

आचार्यांवर श्रद्धा असणाऱ्या मनुष्याचे मन या ठिकाणी थबकते. हा आक्षेप कोणा नास्तिकाच्या पत्रकातून आलेला नाही. तो आचार्यांनी स्वतः, स्वतःच्या लेखणीने, उपनिषदाच्या सर्वांत पूज्य वाक्यासमोर आणून उभा केलेला आहे. आणि तो गंभीर मुद्रेने न आणता एका हास्यकारक श्लोकाच्या खांद्यावर बसवून आणलेला आहे. त्यांचे उत्तर असे की ते वाक्य लक्षण सांगण्यासाठी आहे. लक्ष्य जर शून्य असेल तर लक्षण सांगणेच व्यर्थ होईल. शिवाय सत्य इत्यादी शब्द इतरांना वगळतात हे खरे असले, तरी वगळताना ते आपला स्वतःचा अर्थ सोडून देत नाहीत. उत्तर येथे थोडक्यात दिले. भाष्यात ते विस्ताराने आहे आणि गुरुमुखाने ऐकण्यासारखे आहे. येथे प्रश्न एवढाच की हा विनोद तेथे नसता तर काय झाले असते? ब्रह्म हा शब्द जो दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, त्याला आपल्या जिभेवर वस्तू आहे की सशाचे शिंग आहे, हे तपासून पाहण्याची वेळच आली नसती. वंध्यापुत्राच्या धनुष्याची ती टणत्कारहीन दोरी आचार्यांनी आपल्याच सिद्धान्तावर रोखून पाहिली, आणि सिद्धान्त टिकला तेव्हाच पुढे पाऊल टाकले.

इतर शास्त्रांनीही या कोठाराचा समाचार आपापल्या परीने घेतला. नैयायिक व्यवहारी, तो म्हणतो, सशाचे शिंग नाही याचा अर्थ एवढाच की गायीच्या डोक्यावर पाहिलेले शिंग सशाच्या डोक्यावर नाही. ससाही खरा, शिंगही खरे, जोडणी तेवढी खोटी. योगसूत्रकारांनी, ज्याच्यामागे वस्तू नाही आणि जे केवळ शब्दाच्या मागून चालते अशा ज्ञानाला विकल्प हे नाव दिले आणि त्याची चित्ताच्या पाच वृत्तींत गणना केली. यावरील व्यासभाष्याने दिलेले उदाहरण मात्र अनपेक्षित आहे. ते सशाच्या शिंगाचे नाही. चैतन्य हे पुरुषाचे स्वरूप आहे, या वाक्याचे आहे! चैत्राची गाय म्हटले तर चैत्र निराळा आणि गाय निराळी. परंतु पुरुष म्हणजेच चैतन्य असेल, तर 'पुरुषाचे' या षष्ठीत कोणाचे काय आहे? राहूचे मस्तक म्हणतात तसेच हे. राहू हा नुसता मस्तकच आहे, मग ते मस्तक कोणाचे? ज्या वाक्यावर साधक मान डोलावितो, त्यात आणि राहूच्या मस्तकात व्याकरणाने एकच थट्टा करून ठेवली आहे.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे, कारण अनेक प्रवचनांतून तो पुसला जातो. दोरीवरचा साप आणि वांझेचा मुलगा हे एका पंक्तीचे नव्हेत. दोरीवरच्या सापाला पाहून मनुष्य उडी मारतो, घाम फुटतो, कंदील आणावा लागतो. तो मिथ्या. वांझेच्या मुलाला भिऊन आजवर कोणी पळालेले नाही. तो तुच्छ. अद्वैती जगाला मिथ्या म्हणतो, तुच्छ म्हणत नाही. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की वंध्यापुत्र ना तत्त्वतः जन्मतो, ना मायेने जन्मतो. मायेलाही जे साधत नाही असे एक काम आहे, ते हे.

मग मायेला जे साधत नाही ते एका दाईला साधले, अशी एक गोष्ट योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणात आहे. वसिष्ठ ती रामाला सांगतात. एक मूल दाईजवळ गोष्टीचा हट्ट धरते. दाई सांगू लागते : मुळीच नसलेल्या एका नगरात तीन सुंदर, शूर राजपुत्र होते. दोघे जन्मलेले नव्हते आणि तिसरा गर्भातही आलेला नव्हता. ते नगर सोडून निघाले. उन्हाने पाय पोळले, तेव्हा तीन झाडांच्या सावलीत बसले. दोन झाडे नव्हतीच आणि तिसऱ्याचे बीही रुजलेले नव्हते. त्यांची फळे त्यांनी पोटभर खाल्ली. पुढे तीन नद्या लागल्या, दोन आटलेल्या आणि तिसरीत पाण्याचा थेंब नाही. तेथे ते मनसोक्त पोहले. सायंकाळी ते एका पुढे वसणार असलेल्या नगरात पोहोचले. तेथे तीन घरे, दोन बांधलेली नव्हती, तिसऱ्याला भिंती नव्हत्या. आत तीन सोन्याची भांडी, दोन फुटकी, तिसऱ्याचे चूर्ण झालेले. त्या चूर्ण झालेल्या भांड्यात त्यांनी नव्व्याण्णव वजा शंभर द्रोण तांदूळ शिजविले आणि तीन ब्राह्मणांना जेवावयास बोलाविले. दोघांना देह नव्हता, तिसऱ्याला तोंड नव्हते. तोंड नसलेल्यानेच भात जेविला. उरला तो राजपुत्रांनी खाल्ला. आणि त्या वसणार असलेल्या नगरात ते तिघे आजही मृगया करीत सुखाने राहत आहेत.

नव्व्याण्णव वजा शंभर! ऋण संख्येचा भात शिजविणारा हा पाकशास्त्री कोण होता न कळे. परंतु त्याने गणितालाही पंक्तीला बसविले. वसिष्ठ पुढे एवढेच सांगतात की मुलाला विचार करण्याची सवय नव्हती, त्याचा त्या गोष्टीवर दृढ विश्वास बसला. म्हणजे वांझेच्या मुलाला कोणी भीत नसले, तरी त्याची गोष्ट नीट सांगितली तर ती खरी मानणारा कोणीतरी निघतोच. संसाराचा भात याच प्रमाणात शिजतो, असे वसिष्ठांना रामाला सुचवावयाचे आहे.

ही दाई पुढे मराठी बोलू लागली. ज्ञानदेवांच्या नावाने गायिल्या जाणाऱ्या एका कूट पदात काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात. दोन ओसाड, एक काही केल्या वसत नाही. न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात, ते मडकी घडतात, मडक्यांत तीन मूग रांधतात, पाहुणे येतात, म्हशी येतात, टोणगे होतात, त्यांचे रुपये येतात, रुपये पारखण्यास आंधळे पारखी येतात, आणि शेवटी त्या पारख्यांना तीन बुक्क्या मिळतात. दोन हुकतात आणि एक लागतच नाही. प्रत्येक कडव्याचा शेवट पुढच्या कडव्याचा आरंभ होतो, त्यामुळे साखळी तुटत नाही. साखळीची कडी मात्र एकही खरी नसते.

संस्कृत दाई आणि मराठी पद यांत एक सूक्ष्म अंतर आहे. संस्कृत गोष्टीत वस्तू नसतात, एवढेच. मराठीत वसेचिना, शिजेचिना, जेवेचिना अशी रूपे येतात. 'शिजत नाही' म्हटले की एक वार्ता झाली. 'शिजेचिना' म्हटले की त्या मुगाने हट्ट धरला. खालून जाळ घातला, फुंकर घातली, मडके हलविले, आणि तरी तो तिसरा मूग आपल्या ब्रह्मचर्याला जपून बसला आहे. निश्चयाचा 'चि' आणि नकाराचा 'ना' यांच्या संयोगाने नसलेल्या वस्तूला एक स्वभाव प्राप्त होतो. ज्ञानदेवांची मराठी अमृताशी पैज जिंकते असे आपण म्हणतो. पण तिच्या या दोन अक्षरांच्या करामतीकडे सहसा लक्ष जात नाही.

या बोलीचे सगेसोयरे चहूंकडे आहेत. उत्तरेत कबीराची उलटबांसी आहे. ज्या भक्तांच्या घरी कन्नड बोलली जाते त्यांना बाराव्या शतकातील अल्लमप्रभूंची बेडगिन वचने आणि सोळाव्या शतकातील कनकदासांची मुंडिगे सांगावयास नकोत. तेथेही असेच उफराटे आहे, तेथेही ऐकणारा प्रथम चमकतो आणि मग गुरूकडे वळतो.

वळल्यावर मात्र बहुधा एक अनर्थ होतो. निरूपणकार तत्काळ किल्ल्यांचा जुडगा काढतात. तीन गावे म्हणजे तीन गुण, असे एक सांगतो. दुसरा म्हणतो, तीन देह. तिसरा म्हणतो, जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती. कुंभाराला एक प्रतीक, म्हशीला एक, रुपयाला एक. यांतील एखादा अर्थ चुकीचा आहे असे नव्हे. परंपरेने आलेल्या अर्थांना मान द्यावा हे योग्यच. परंतु प्रत्येक किल्ली लागते, हेच संशयास्पद नव्हे काय? दोन कडवी होतात न होतात तो श्रोत्यांच्या वह्या निघतात, कोष्टक तयार होते, आणि काट्याच्या टोकावर वसू न शकलेले गाव वहीच्या पानावर मात्र अगदी आखीवरेखीव वसते. ज्या शब्दांनी मनाला टेकावयास जागा ठेवली नव्हती, त्यांच्याखाली सतरंजी घातली जाते. पदाच्या शेवटी ज्ञानदेव म्हणतात की हा अनुभव सद्गुरूवाचून कळत नाही. कोष्टकावाचून कळत नाही असे ते म्हणालेले नाहीत.

आचार्यांनी वंध्यापुत्राला भाष्यात आणले तेव्हा त्याच्या धनुष्याचा गूढार्थ सांगितला नाही. त्याचे नसणे तसेच राहू दिले. त्याच्या नसण्याचाच त्यांना उपयोग होता. दाईनेही तिसऱ्या राजपुत्राची जन्मपत्रिका मांडली नाही. पदांच्या बाबतीतही, प्रथम ते जसे आहे तसे कानांवर पडू द्यावे, मन बुचकळ्यात पडू द्यावे, हसू येत असेल तर येऊ द्यावे, आणि अर्थ दुसऱ्या दिवशी सांगावा, हा क्रम अधिक बरा. पाठशाळेतील मुले विस्तवाने शिंपणाऱ्याला आधी हसतात आणि मग योग्यतेचे लक्षण पाठ करतात; ज्यांना आधी लक्षण पाठ करविले जाते त्यांना पुढे उदाहरण आठवत नाही.

मुक्ताबाईंच्या प्रसिद्ध अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. विंचू पाताळात जातो, आणि शेष त्याच्या पाया पडतो. त्याच अभंगात वांझेला मुलगा होतो. गौडपादांनी जे मायेनेही घडत नाही म्हणून सांगितले, ते या मुलीने दोन शब्दांत घडवून टाकले आणि वर त्याला मोठे नवल म्हटले. शेवटी माशी विते, तिची घार होते, आणि ते पाहून मुक्ताबाई हसते. निरूपणात मुंगीला अर्थ सांगितला जातो, सूर्याला सांगितला जातो, विंचू, शेष, वांझ, माशी, घार यांपैकी कोणीही अर्थावाचून सुटत नाही. हसण्याची पाळी येईपर्यंत घटका भरत आलेली असते आणि टाळ पुढच्या अभंगाकडे वळतात.

कीर्तनाच्या मागील रांगेत जी मुले बसलेली असतात ती बहुधा माशीची घार झाली तेथे मोठ्याने हसतात. वडीलधारे मागे वळून डोळे वटारतात. अभंगात त्याच वेळी मुक्ताबाईही हसत असते.